जुनी ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकल आणि बीड जिल्हा : खरेदीच्या प्रश्नाचा आढावा

जुनी ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकल घ्यावी की नाही, याची चर्चा बहुधा गाडीभोवतीच फिरते. ती किती किलोमीटर चालली, कितव्या मालकाच्या हातात आहे, तिचे इंजिन कधी उघडले होते का आणि मागितलेली किंमत वाजवी आहे का, या चार प्रश्नांवर व्यवहार ठरतो. हे प्रश्न आवश्यक आहेतच. परंतु बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जिथे मोटारसायकल ही हौसेची वस्तू होण्याआधी शेत, बाजार, दवाखाना आणि शाळा यांना जोडणारे घरातील एकमेव वाहन असते, तिथे गाडीचा खरा उपयोग ठरवणाऱ्या तीन गोष्टी गाडीच्या बाहेर असतात. गाडीला रोज कोणत्या वाटेने जायचे आहे, तिचे सुटे भाग आणि ती जाणणारा मिस्त्री किती अंतरावर आहे, आणि तिचे कागद खरेदीदाराच्या नावावर विनासायास होतील का, या त्या गोष्टी होत. प्रस्तुत आढाव्यात या तिन्हींचा विचार गाडीच्या यांत्रिक स्थितीच्या बरोबरीने केला आहे, कारण या तिन्हींपैकी एकीचेही उत्तर प्रतिकूल असेल तर उत्तम स्थितीतील स्वस्त गाडीसुद्धा महाग पडते.

वर्गाची ओळख

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालण्यासाठी मुळातच घडवलेली, आणि रस्त्यावर चालवण्याची कायदेशीर नोंदणी मिळणारी मोटारसायकल. या वर्गाची ओळख सहसा चार लक्षणांवरून पटते. पहिले लक्षण म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, अर्थात गाडीचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांतील अंतर. दुसरे म्हणजे सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, म्हणजे खड्ड्यात वा दगडावर आदळताना शॉकअप जितके आत-बाहेर होऊ शकतात ते अंतर. तिसरे, तारांचे मोठे पुढचे चाक, जे लहान चाकाच्या तुलनेत अडथळ्यावरून सहज चढते. आणि चौथे, रुंद हँडल व उंच बैठक, ज्यांमुळे चालकाला उभे राहून गाडी सांभाळता येते. जागतिक पातळीवर हा वर्ग रुजवण्याचे श्रेय १९६८ च्या यामाहा डीटी-१ या २५० सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीला दिले जाते. १९८० मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस या गाडीने त्याला लांब पल्ल्याच्या प्रवासाची जोड दिली आणि पुढे अ‍ॅडव्हेंचर या नावाने ओळखला जाणारा जड व मोठा उपवर्ग त्यातून विकसित झाला.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र कच्च्या वाटेचे काम या वर्गाविनाच दीर्घकाळ चालले. एस्कॉर्ट्स कंपनीची, पोलिश तंत्रावर आधारलेली राजदूत ही गाडी तिच्या मजबूत सांगाड्यामुळे आणि सोप्या इंजिनामुळे दूधवाल्यांची व शेतकऱ्यांची गाडी म्हणून ओळखली गेली, तर नंतरच्या काळात हीरो होंडाच्या आणि बजाजच्या १०० सीसी गाड्यांनी तिची जागा घेतली. बजाजचा वाळूज येथील कारखाना १९८५ पासून मराठवाड्यातच असल्याने या गाड्यांचे सुटे भाग आणि त्या दुरुस्त करणारे हात या प्रदेशात लवकर पसरले. ड्युअल-स्पोर्ट गाडीची तुलना त्यामुळे दुसऱ्या ड्युअल-स्पोर्टशी करून भागत नाही. ती दारात आधीच उभ्या असलेल्या १०० सीसी गाडीशी करावी लागते, आणि बहुतेक खरेदी-सल्ल्यांत नेमकी हीच तुलना वगळलेली असते.

जिल्ह्याची भूमी आणि तिच्या मागण्या

बीड जिल्ह्याचे अकरा तालुके दोन ठळक भूभागांत विभागले जातात. उत्तरेकडे गोदावरीच्या खोऱ्यातील गेवराई व माजलगाव यांचा काळ्या मातीचा सखल पट्टा आहे, तर पश्चिमेकडील आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार यांपासून केज, धारूर व अंबाजोगाईपर्यंत बालाघाटचे डोंगर आणि पठार पसरले आहे, जिथे मुरूम, उघडा खडक, ओढ्यांचे पात्र आणि चढ-उतार हेच वाटेचे स्वरूप असते. या दोन भूभागांच्या गाडीकडून असणाऱ्या अपेक्षा एकमेकींहून इतक्या वेगळ्या आहेत की एका तालुक्यात योग्य ठरलेली खरेदी शेजारच्या तालुक्यात निरर्थक ठरू शकते.

बालाघाटच्या भागात ड्युअल-स्पोर्ट गाडीचे गुण पूर्णपणे उपयोगी पडतात. सैल मुरमावर व दगडांवर मोठे पुढचे चाक सहज भरकटत नाही, जास्त ट्रॅव्हल असलेले शॉकअप चालकाच्या कंबरेवरचा मार कमी करतात, आणि ओढ्यातून जाताना इंजिनाखालचा भाग दगडाला लागत नाही. वाडी-तांड्यांना जोडणाऱ्या वाटांवर, तसेच दर पावसाळ्यात उखडणाऱ्या जोडरस्त्यांवर, हा फरक रोज जाणवणारा असतो. गोदाकाठच्या काळ्या मातीत मात्र चित्र पालटते. ओली काळी माती टायरच्या खाचांत भरून त्यांना गुळगुळीत करते आणि मडगार्ड व चाक यांच्यामध्ये साचून चाकच अडवते. उंच बसवलेल्या मडगार्डमुळे माती अडकण्याचे प्रमाण कमी होते. परंतु चिखलात अडकलेली गाडी शेवटी हाताने ओढून काढावी लागते, आणि तिथे १५० ते २०० किलोंची गाडी सुमारे ११० किलोंच्या गाडीपेक्षा निश्चितच गैरसोयीची ठरते. भर पावसाळ्यात पाणंद रस्त्यावरून जाण्याचा प्रश्न ड्युअल-स्पोर्ट सोडवते ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे, कारण मुरूम न पडलेल्या पाणंदीत या वर्गाचा लाभ जवळजवळ संपतो.

जिल्ह्याच्या जीवनक्रमाचाही या निर्णयाशी संबंध आहे. दिवाळीच्या सुमारास येथील मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. घरी ठेवलेली गाडी या काळात अनेक महिने उभी राहते. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर साठतो, आणि टाकी अर्धी रिकामी असेल तर आतून गंज धरतो. कार्ब्युरेटर व किक असलेली गाडी अशा विश्रांतीनंतर गावातल्या गावात सुरू होऊ शकते. इंधन-इंजेक्शन असलेल्या गाडीचा पेट्रोल-पंप आणि नियंत्रक मात्र विजेवर चालत असल्याने बॅटरी पूर्ण उतरल्यावर ती केवळ ढकलून सुरू होईल याची खात्री नसते. वर्षातील काही महिने उभी राहणारी गाडी घेताना हा मुद्दा मायलेजइतकाच महत्त्वाचा ठरतो.

बाजारातील उपलब्ध गाड्या

भारतात जुन्या ड्युअल-स्पोर्ट गाड्यांची निवड प्रत्यक्षात मुख्यतः तीन नावांपुरती मर्यादित आहे. त्यांपैकी सर्वांत जुनी हीरो इम्पल्स होय. होंडापासून वेगळे झाल्यानंतर हीरो मोटोकॉर्पने २०११ मध्ये ती बाजारात आणली. तिचे १४९.२ सीसीचे कार्ब्युरेटरचे इंजिन सुमारे १३ अश्वशक्तीचे, पुढचे चाक १९ इंची, मागचे १७ इंची आणि वजन सुमारे १३४ किलो होते. वजनाने हलकी असल्याने ती काळ्या मातीतही तुलनेने सांभाळण्याजोगी आहे. मात्र शक्ती मोजकी असल्यामुळे दोन माणसे व सामान घेऊन मांजरसुंबा किंवा धारूरचा घाट चढताना ती दमते. तिचे इंजिन हीरोच्या त्याच काळातील १५० सीसी गाड्यांच्या कुळातील असल्याने पिस्टन, रिंग, क्लच प्लेट यांसारखे भाग अजून मिळवता येतात, परंतु टाकी, प्लास्टिकचे भाग, पुढचे शॉकअप आणि मीटर हे तिचे स्वतंत्र भाग उत्पादन बंद पडल्यामुळे दुर्मीळ झाले आहेत. त्यातच २०११ च्या अखेरीस नोंदलेल्या गाड्यांची पंधरा वर्षांची पहिली नोंदणी २०२६ च्या अखेरीस संपते, हा खर्च खरेदीच्या दिवशीच हिशेबात धरला पाहिजे.

दुसरी गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन. मार्च २०१६ मध्ये आलेल्या या गाडीत ४११ सीसीचे एकाच सिलिंडरचे, सुमारे २४ अश्वशक्तीचे इंजिन, २१ इंची पुढचे चाक, पुढे २०० व मागे १८० मिलिमीटर ट्रॅव्हल आणि २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे. तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, सुमारे ३२ न्यूटन-मीटर असून तो कमी फेऱ्यांवरच मिळत असल्याने घाटात आणि सामानासह ती सहज चढते. ८०० मिलिमीटरची बैठक या वर्गात कमी उंचीची मानली जाते, त्यामुळे मध्यम उंचीच्या चालकाचे पाय जमिनीला टेकतात. तिचा दोष वजनात आहे. सुरुवातीची गाडी सुमारे १८२ किलोंची होती आणि पुढील आवृत्त्यांत हे वजन १९९ किलोंपर्यंत गेले. खरेदीदाराने तिच्या आवृत्त्यांमध्ये काटेकोर भेद करणे आवश्यक आहे. २०१६-१७ मधील कार्ब्युरेटरच्या गाड्यांबद्दल ग्राहकांच्या बऱ्याच तक्रारी त्या काळी पुढे आल्या होत्या. सप्टेंबर २०१७ मध्ये इंधन-इंजेक्शन असलेली आवृत्ती आली, त्यापुढे एबीएस आले, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. आणि २०२० च्या बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण-मर्यादेच्या, आवृत्तीत कच्च्या वाटेवर मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी ४५० सीसी हिमालयन आल्यावर जुनी गाडी बंद झाली असली, तरी तिच्या इंजिनावरची स्क्रॅम ४११ ही गाडी २०२२ मध्ये बाजारात आलेली असल्याने इंजिनाच्या भागांचा पुरवठा लगेच आटण्याची शक्यता कमी आहे.

तिसरी आणि या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत विचारार्ह गाडी म्हणजे हीरो एक्सपल्स २००. मे २०१९ मध्ये ती कार्ब्युरेटर व इंधन-इंजेक्शन अशा दोन प्रकारांत आली आणि तेव्हा तिच्या शोरूम किमती अनुक्रमे ९७,००० व १,०५,००० रुपये होत्या. तिचे १९९.६ सीसीचे इंजिन सुमारे १८ अश्वशक्तीचे असून पुढचे चाक २१ व मागचे १८ इंची, ट्रॅव्हल पुढे १९० व मागे १७० मिलिमीटर, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर आणि वजन सुमारे १५४ किलो आहे. २०२० च्या बीएस-६ आवृत्तीत ऑइल कूलर आला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हचे इंजिन आले. हिमालयनच्या पहिल्या आवृत्तीशी तुलना केली तरी २८ किलोंचा फरक पडतो, आणि ओढ्यात आडवी झालेली गाडी एकट्याने उचलताना हा फरक निर्णायक असतो. ८२३ मिलिमीटरची बैठक मात्र कमी उंचीच्या चालकाला, आणि त्याहून अधिक मागे बसणाऱ्या वृद्ध माणसांना व साडी नेसलेल्या स्त्रियांना अडचणीची ठरते. वर उचललेला सायलेन्सर मागे बांधलेल्या पोत्याला वा दुधाच्या कॅनला चिकटणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते.

बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर यांसारख्या गाड्या पुणे वा मुंबईच्या जुन्या बाजारात दिसतात. परंतु त्यांचे सुटे भाग महाग आणि सेवा मोठ्या शहरांपुरती असल्याने जिल्ह्यातील रोजच्या वापरासाठी त्यांचा विचार येथे आवश्यक नाही. केवळ मैदानावर वा ट्रॅकवर चालवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या, कावासाकी केएलएक्स मालिकेतील काही गाड्यांसारख्या वाहनांची रस्त्यासाठी नोंदणीच होत नाही, म्हणून दिसायला ड्युअल-स्पोर्ट वाटणाऱ्या अशा गाडीपासून खरेदीदाराने दूर राहावे.

यांत्रिक तपासणी : झीज कुठे दिसते

साध्या गाडीची झीज प्रथम इंजिनात दिसते, तर ड्युअल-स्पोर्टची झीज प्रथम सांगाड्यात, शॉकअपमध्ये आणि चाकांत दिसते. कारण तिचा पहिला मालक तिला आपटण्यासाठीच घेतो. म्हणूनच इंजिनाचा आवाज ऐकून समाधान मानणारी नेहमीची पद्धत येथे अपुरी पडते. तपासणी हँडलच्या मानेपासून सुरू करावी. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवले असता मधोमध अडकल्यासारखे वाटले, तर कोन सेट, म्हणजे मानेतील बेअरिंग, बसल्याचे समजावे. मानेजवळ, पायदानाच्या जोडांवर आणि कॅरिअरच्या खाली नवा रंग किंवा वेल्डिंगची खूण दिसल्यास गाडी आपटलेली वा अतिभाराने तडकलेली असण्याचा संभव धरून व्यवहार थांबवावा, कारण सांगाड्याची दुरुस्ती कधीही पूर्ण भरवशाची होत नाही.

पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ असणे ही ऑइल सीलची किरकोळ बाब असू शकते. मात्र त्याच नळ्यांवर खड्डे वा गंजाचे ठिपके असतील तर नवे सीलही लवकरच फाटते. मागच्या चाकाला धरून आडवे हलवले असता खडखड जाणवल्यास चिमट्याचे, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या भुजेचे, बुश किंवा चाकाचे बेअरिंग झिजलेले असते, आणि हिमालयनमध्ये त्याच्या जोडीला लिंकेजचे, म्हणजे मागचा शॉकअप व चिमटा यांना जोडणाऱ्या सांध्यांचे, बेअरिंगही तपासावे लागतात. चाकाच्या तारा एकेक करून वाजवाव्यात. ज्या तारेचा आवाज बद्द येतो ती सैल असते, आणि अनेक तारा सैल असतील तर चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्याचा खर्च ठरलेला असतो. रिमच्या कडेवरचा आत दबलेला भाग मात्र आउट काढूनही पूर्ण सरळ होत नाही.

इंजिनाबाबत या जिल्ह्यात सर्वांत बोलका भाग म्हणजे एअर फिल्टर होय. उन्हाळ्यातील बारीक धूळ फिल्टरच्या फटीतून आत गेली की ती सिलिंडरच्या भिंती व रिंग घासून काढते. त्यामुळे फिल्टरच्या डब्याच्या आतल्या, स्वच्छ असायला हव्या त्या बाजूला धुळीचा थर दिसल्यास किलोमीटर कितीही कमी असले तरी इंजिन आतून झिजलेले असू शकते. गाडी पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावी, गरम करून ठेवलेली गाडी तपासू नये. गरम झाल्यावर गॅस वाढवताना निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळत आहे, म्हणजे रिंग वा व्हॉल्व्ह सील गेले आहेत. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, आणि ओढे ओलांडलेल्या गाडीत ही शक्यता प्रत्यक्षातली असते. चाचणी सपाट रस्त्यावर एकट्याने घेऊन भागत नाही. मागे माणूस बसवून घाट चढून पाहिला, की क्लच घसरत असल्यास फेऱ्या वाढतात आणि वेग वाढत नाही, ही खूण लगेच कळते.

मीटरवरील किलोमीटरला पुरावा न मानता त्याचा केवळ दावा म्हणून विचार करावा. ब्रेक डिस्कची जाडी, पायदानाचे रबर, स्प्रॉकेटच्या दात्यांचा आकार आणि शोरूममधील सेवानोंदी यांच्याशी तो आकडा जुळतो का, एवढेच पाहावे. गाडी कोकण, मुंबई वा गोव्यातून आलेली असेल तर खाऱ्या हवेमुळे सांगाड्याच्या खालच्या बाजूला, बोल्टांना आणि वायरिंगच्या जोडांना धरलेला गंज विशेष तपासावा, कारण बीडच्या कोरड्या हवेत वापरलेल्या गाडीत तो तितका आढळत नाही.

सुटे भाग, कारागीर आणि इंधन

जुनी गाडी बंद पडणार हे गृहीत धरूनच तिचा विचार करायचा असतो. प्रश्न ती किती दिवस बंद राहील एवढाच असतो. या कसोटीवर हीरोच्या गाड्यांना स्पष्ट लाभ आहे, कारण त्या कंपनीचे विक्री व सेवेचे जाळे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचलेले आहे आणि एक्सपल्सचे इंजिन एक्स्ट्रीम २०० आर या साध्या गाडीच्या कुळातील आहे. रॉयल एनफिल्डच्या बाबतीत जिल्ह्याचे ठिकाण किंवा छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, लातूर अशा शहरांचा आधार बहुधा घ्यावा लागतो, आणि आष्टी किंवा परळीच्या माणसासाठी प्रत्येक दुरुस्ती हा दिवसभराचा प्रवास ठरू शकतो. एक्सपल्स व हिमालयन या दोन्ही गाड्यांचे २१ इंची पुढचे टायर तालुक्याच्या प्रत्येक दुकानात असेलच असे नाही, म्हणून खरेदीच्या वेळी टायरची उरलेली खाच पाहून लगेच बदलाचा खर्च येणार का हे ठरवावे. तारांची चाके व ट्यूबचे टायर ही मात्र येथे गैरसोय नसून सोय आहे, कारण बाभळीचा काटा लागल्यावर कोणत्याही पंक्चरच्या दुकानात काम होते.

कार्ब्युरेटर की इंधन-इंजेक्शन, या वादाचे उत्तर जवळच्या मिस्त्रीवर अवलंबून आहे. कार्ब्युरेटर म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण यांत्रिक रीतीने करणारा भाग. तो कोणताही अनुभवी मिस्त्री उघडून स्वच्छ करू शकतो. इंधन-इंजेक्शनमध्ये हेच काम सेन्सर व नियंत्रक करतात, मायलेज व सुरू होणे अधिक सुसंगत राहते, परंतु बिघाड शोधायला स्कॅनर लागतो आणि ज्याच्याकडे तो नाही असा मिस्त्री भाग बदलून अंदाज घेत राहतो. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाल्याने त्यानंतरच्या ड्युअल-स्पोर्ट गाड्यांत इंजेक्शन टाळणे शक्यच नाही.

इंधनाचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले, तर अशा मिश्रणाला टिकतील असे रबर व प्लास्टिकचे भाग असणाऱ्या गाड्या सर्वसाधारणपणे एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. म्हणजे येथे विचारात घेतलेल्या जवळजवळ सर्व जुन्या गाड्या त्याआधीच्या आहेत. ज्या उसाच्या तोडणीवर जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांचे पोट चालते, त्याच उसापासून तयार होणाऱ्या इथेनॉलचा परिणाम त्यांच्या दारातील गाडीवर दोन प्रकारे होतो. पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने मायलेज काहीसे घटते, आणि इथेनॉल ओलावा शोषून घेत असल्याने महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत व पेट्रोलच्या नळ्यांत झीज वाढते. जुनी गाडी घेतल्यावर पेट्रोलच्या नळ्या व रबरी सील बदलून घेणे, आणि ऊसतोडीला जाण्यापूर्वी कार्ब्युरेटर रिकामा करून बॅटरीची तार काढून ठेवणे, हे त्यामुळे शहाणपणाचे ठरते.

कागदपत्रे : किमतीचा अदृश्य भाग

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीत विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतर नोंदवणे अपेक्षित असून त्यासाठी फॉर्म २९ व ३० भरले जातात. व्यवहारात मात्र विक्रेत्याची कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गाडी हातोहात तिसऱ्या-चौथ्या माणसाकडे जाते आणि नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. हा निकाल वरकरणी विक्रेत्याला सावध करणारा असला, तरी खरेदीदारालाही त्याचा अर्थ आहे. कारण नाव न बदललेल्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमादावा अडतो आणि मूळ मालक सापडेनासा झाला की गाडी पुन्हा विकताही येत नाही.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवरील, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील, बोजा उतरवण्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ लागतो, आणि पूर्ण किंमत देण्यापूर्वी बोजा उतरल्याची नोंद परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीवर दिसली पाहिजे. फायनान्स कंपनीने ओढून नेलेली गाडी स्वस्त असते, परंतु तिची आरसी कंपनीच्या नावावर होऊन मगच पुढे हस्तांतर होत असल्याने या प्रक्रियेचा वेळ किमतीत धरावा लागतो. बीड व अंबाजोगाई कार्यालयांच्या एमएच-२३ आणि एमएच-४४ या क्रमांकांच्या किंवा पुण्याच्या पासिंगच्या गाडीत क्रमांक तोच राहतो. कर्नाटक वा तेलंगणातील गाडी मात्र फॉर्म २८ वरील ना-हरकत, पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर यांमुळे दिसते त्यापेक्षा बरीच महाग पडते.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण गाडीच्या तपासणीनंतर पाच वर्षांसाठी होते. एप्रिल २०२२ पासून दुचाकीसाठी त्याचे शुल्क ३०० वरून १,००० रुपयांवर गेले असून विलंबाचा आकार आणि पर्यावरण कर त्याशिवाय द्यावा लागतो. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक असल्याने इम्पल्स व सुरुवातीच्या हिमालयन गाड्यांवर ती बसवली आहे का हे पाहावे. थकलेली ई-चलने हस्तांतरापूर्वी विक्रेत्याकडून भरून घ्यावीत. आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर वा बदललेला सांगाडा असलेली गाडी नाकारावी, कारण कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे आणि तपासणीच्या वेळी अशी गाडी मूळ स्थितीत आणण्याचा खर्च खरेदीदारावरच येतो.

हिशेब आणि निष्कर्ष

महिन्याला १,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये लिटर, आणि मायलेज १०० सीसी गाडीचे ६०, एक्सपल्सचे ३८ व हिमालयनचे २९ असे धरल्यास मासिक इंधनखर्च अनुक्रमे सुमारे १,७५०, २,७६० आणि ३,६२० रुपये येतो. म्हणजे १०० सीसी गाडीच्या तुलनेत वर्षाला एक्सपल्सवर सुमारे १२,००० आणि हिमालयनवर सुमारे २२,००० रुपये जास्त जातात. ही रक्कम ड्युअल-स्पोर्टच्या सोयीची वार्षिक किंमत आहे, आणि ती खरेदीच्या किमतीत कुठेच दिसत नाही. यात चेन-सेट, टायर व शॉकअपच्या कामाचा जादा खर्च मिळवला, तर दोन-तीन वर्षांत स्वस्तात मिळाल्याचा सगळा लाभ त्यात विरून जातो.

या हिशेबातून काही ठाम निष्कर्ष निघतात. ज्या घराची रोजची वाट मुख्यतः डांबरी असून शेवटचा एखादा किलोमीटरच कच्चा आहे, त्याच्यासाठी जुनी ड्युअल-स्पोर्ट घेणे योग्य ठरत नाही. १०० किंवा ११० सीसीची गाडी तेच काम कमी खर्चात करते आणि ४५ किलोंचे युरियाचे पोतेही कमी उंचीवर, अधिक सुरक्षितपणे वाहते. ज्याची वाट ओली काळी माती आहे, त्याला हिमालयनचे वजन भारी पडेल आणि एक्सपल्सचाही पूर्ण लाभ मिळणार नाही. बालाघाटच्या वाड्या-तांड्यांत राहणाऱ्या, रोज मुरूम, दगड व ओढे ओलांडणाऱ्या माणसासाठी, तसेच शिक्षक, पशुवैद्यक किंवा गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी, सांगाडा न दुखावलेली आणि कागद स्वच्छ असलेली एक्सपल्स २०० ही आजच्या जुन्या बाजारातील सर्वांत योग्य निवड आहे. जवळ स्कॅनर असलेले सेवा केंद्र असेल तर इंजेक्शनची, नसेल तर २०१९-२० मधील कार्ब्युरेटरची. हिमालयन २०१७ नंतरची असावी, आणि तीही कच्च्या वाटेइतकाच महामार्गावरचा लांब प्रवास करणाऱ्याने घ्यावी. इम्पल्स घरात दुसरी चालती गाडी असणाऱ्याने आणि जुन्या भागांच्या शोधाची तयारी असणाऱ्यानेच घ्यावी.

निर्णयाचा क्रमही म्हणून नेहमीच्या पद्धतीच्या उलट असायला हवा. प्रथम वाट, मग सुटे भाग व मिस्त्री यांचे अंतर, मग कागद, आणि शेवटी गाडीची यांत्रिक स्थिती व किंमत, असा तो क्रम आहे. कारण यांत्रिक दोष पैसे खर्चून सुधारता येतात आणि किंमत घासाघीस करून कमी होते, परंतु चुकीच्या वाटेसाठी घेतलेली गाडी कोणत्याही दुरुस्तीने योग्य होत नाही, भागांचे अंतर खरेदीदाराच्या हातात नसते आणि अडकलेले कागद केवळ दुसऱ्या कुणाच्या सहीने सुटतात. पहिल्या तिन्ही कसोट्यांवर उतरलेल्या गाडीसाठी थोडी जास्त किंमत मोजणे परवडते. त्यांपैकी एकाही कसोटीत कमी पडलेली गाडी इसार देण्यापूर्वीच नाकारावी.